बोलण्याचा हक्क, गप्प राहण्याचा हक्क

‘बोलतं करणे’ हा शब्दप्रयोग मराठीत दोन अगदी वेगळ्या खोल्यांमध्ये ऐकू येतो. पहिली खोली कोठडीच्या शेजारची असते आणि तिथे बोलते करणे म्हणजे मारहाण करून कबुली वदवून घेणे. दुसरी खोली समुपदेशकाची असते आणि तिथे आम्ही घरच्या माणसांना धीर देताना सहज म्हणतो, ‘‘काळजी करू नका, हळूहळू त्यांना बोलतं करू.’’ कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करताना हे वाक्य मी अनेकदा उच्चारले आहे. आता ते टाळते. ज्या माणसाला बळजबरीने बोलायला लावले गेले, त्याच्याशी मदतीच्या नावाखाली पुन्हा तसेच वागायचे नाही, हे छळातून वाचलेल्यांना मानसिक आधार देण्याच्या कामातले पहिले सूत्र आहे आणि पुढचे बहुतेक सगळे त्यातूनच निघते.

कोल्हापूरकरांना २६ जून ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ असते. त्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते आणि महाराष्ट्रभर तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या दिनदर्शिकेत हीच तारीख छळपीडितांच्या पाठिंब्यासाठी राखलेली आहे, कारण १० डिसेंबर १९८४ रोजी संमत झालेला छळविरोधी करार २६ जून १९८७ रोजी अमलात आला. तारखा जुळल्या त्या योगायोगाने, परंतु विषय जुळतो तो योगायोगाने नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि त्या जमातींच्या माणसांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील ही हजेरी बंद केली. ब्रिटिश अमलाखालील मुलुखाचा तो कायदा रद्द व्हायला मात्र ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. हजेरी देणाऱ्याला रोज मार बसतोच असे नाही. पण ‘तू संशयित आहेस’ हे रोज सांगितले जाते आणि ते त्याच्या मुलांच्या डोळ्यांदेखत सांगितले जाते. संघटित हिंसा म्हणजे काय हे समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

त्या करारातील छळाची व्याख्या थोडक्यात अशी आहे : माहिती किंवा कबुली मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसवण्यासाठी किंवा भेदभावापोटी एखाद्याला जाणूनबुजून तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना देणे, आणि त्यामागे सरकारी अधिकाऱ्याचा हात, चिथावणी, संमती किंवा मूक परवानगी असणे. या व्याख्येत ‘मानसिक’ हा शब्द पहिल्यापासून आहे, म्हणजे अंगावर वळ नसेल तर छळ झालाच नाही, हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी या करारावर सही केली, पण त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. ‘संघटित हिंसा’ ही कल्पना याहून व्यापक आहे. एखादा गट ठरवून दुसऱ्या माणसांवर हिंसा लादतो, मग तो गट गणवेशातला असो, जमाव असो किंवा कुटुंबाला वाळीत टाकणारी जातपंचायत असो, तेव्हा परिणाम पुष्कळदा सारखेच दिसतात. आपल्याच जिल्ह्यात १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापूर गावात जमावाने घरांवर आणि मशिदीवर हल्ला केला. अशा वेळी पंचनाम्यात फुटलेल्या वस्तूंची नोंद होते. त्या घरांतल्या मुलांना मोटारसायकलींचा आवाज पुढे किती महिने सहन होत नाही, हे नोंदवण्याचा रकाना त्या कागदात नसतो.

आता एक कल्पित माणूस डोळ्यांसमोर आणू. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तो मोल्डिंगचे काम करतो, वय बत्तीस, घरी बायको, आई आणि पाच वर्षांची मुलगी. चोरीच्या संशयावरून त्याला उचलले गेले, चार दिवस कुठेही नोंद न करता ठेवले, तळपायांवर पट्ट्याने मारले, एका कोऱ्या कागदावर सही घेतली आणि पाचव्या दिवशी खरा चोर सापडल्यावर सोडून दिले. दोन महिन्यांनी तो पाय दुखतात म्हणून दवाखान्यात जातो. क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. ‘‘टेन्शन घेऊ नका’’ असे सांगून त्याला वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. बायको दाराशी उभी राहून हलक्या आवाजात सांगते, ‘‘रात्री दचकून उठत्यात, आन् मग पहाटंपर्यंत उंबऱ्यावर बसून ऱ्हात्यात. कडी लावू देत न्हाईत.’’ कडी लावू न देणे या एका गोष्टीत तिने सगळे सांगितलेले असते, फक्त ते ऐकून घेणारे कोणी तिथे नसते.

त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते समजून घेण्यासाठी राधानगरीकडच्या शेतकऱ्याची आठवण होते. उसात गवा शिरतो म्हणून तो रात्री माळ्यावर बसून राखण करतो. एकदा गवा अंगावर आला की पुढचे कित्येक दिवस पाचोळा सळसळला तरी तो काठी उचलून उभा राहतो. मेंदूत अशीच राखण करणारा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका जाणवला की तो विचार करणाऱ्या भागाची वाट न पाहता शरीराला जागे करतो. छाती धडधडते, हात घामेजतात, स्नायू ताठ होतात. जिवावरच्या प्रसंगात हीच घाई उपयोगी पडते. छळानंतर मात्र हा राखणदार माळ्यावरून उतरतच नाही, आणि चावीच्या जुडग्याचा आवाज, फिनेलचा वास, खाकी रंग, पाठीमागून येणारी पावले अशी प्रत्येक गोष्ट त्याला गव्यासारखी भासते. मेंदूचा दुसरा एक भाग, हिप्पोकॅम्पस, आठवणींना तारीख आणि ठिकाण जोडतो, तलाठ्याने दप्तरात गट नंबर घालून नोंद करावी तसा. तीव्र भीतीच्या काळात ही नोंद नीट होत नाही. त्यामुळे ती आठवण ‘अमुक महिन्यात घडून गेली’ अशी येत नाही; ती आत्ता, या क्षणी घडत असल्यासारखी अंगावर येते. डोळे उघडे असूनही माणूस काही क्षण त्याच खोलीत असतो. याला ढोंग किंवा दुबळेपणा म्हणणे हे अज्ञान आहे आणि त्याने फार नुकसान होते.

अशा त्रासासाठी वैद्यकशास्त्रात आघातोत्तर तणाव विकार हे निदान १९८० पासून रूढ आहे. युद्ध, विस्थापन आणि संघर्ष यांतून गेलेल्या ८१ हजारांहून अधिक लोकांवरील १८१ सर्वेक्षणांचा एकत्रित अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३० टक्के लोकांत हा विकार आणि जवळपास तितक्याच प्रमाणात नैराश्य आढळले. आघातोत्तर विकाराशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो छळाचा. याच आकड्याची दुसरी बाजूही वाचायला हवी : बहुसंख्य माणसे या निदानाच्या चौकटीत बसत नाहीत. छळ सोसलेला प्रत्येक जण मनोरुग्ण असतो असे मानणे हाही त्याच्यावर आणखी एक शिक्का मारणे आहे.

परंतु निदानाच्या पलीकडे एक जखम असते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या शहराने पुष्कळ सोसले. तेव्हा तालमींची पोरे मदतीला धावली, अनोळखी घरांतून भाकरी आल्या, आणि कोणीही पूरग्रस्ताला विचारले नाही की, तू असे काय केलेस म्हणून पाणी तुझ्या घरात शिरले. कोठडीतून परतलेल्या माणसाला मात्र पहिला प्रश्न हाच येतो. ‘‘कायतरी केलं असणारच, उगंच कोण कशाला उचलंल?’’ हे वाक्य गल्लीत बोलले जाते, कामाच्या ठिकाणी बोलले जाते, कधी सख्ख्या भावाकडून येते. पंचगंगेच्या पाण्याचा कुणावर राग नव्हता. छळ मात्र माणसाने माणसाकडे पाहत, त्याचे नाव घेत, ठरवून केलेला असतो. माणसाचा माणसावरचा भरवसा तोडणे हेच त्याचे साधन असते. म्हणून केवळ झोप लागू लागली की उपचार संपला, असे इथे होत नाही.

अशा माणसाला मदत करताना सुरुवात खोलीपासून होते, आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकी पद्धतींइतकाच परिणाम याचा होतो. त्याला बसायला अशी जागा द्यावी जिथून दार दिसते, आणि कोणत्या खुर्चीवर बसायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. दाराची कडी लावायची की नुसते ओढून घ्यायचे, हे त्याला विचारावे. टेबलाच्या पलीकडे बसून वही उघडून नाव, वय, पत्ता, काय घडले असे एकामागून एक विचारत जाणे म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा चौकशीच असते. म्हणून वहीत काय लिहिणार, ती कोण पाहू शकतो आणि काय लिहायचे नाही, हे आधी सांगावे लागते. त्याला तासन्‌तास बाकावर ताटकळत ठेवू नये, कारण ताटकळत ठेवणे हा छळाचाच एक प्रकार त्याने अनुभवलेला असतो. विजेचे झटके सोसलेल्या माणसाच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रत्येक तार कशासाठी आहे ते सांगणे आणि ‘‘थांबा म्हणालात की मी थांबेन’’ असा शब्द देणे आवश्यक असते. हा शब्द पाळला जातो का, हे तो मुद्दाम एकदा तपासून पाहतो. अचानक ‘‘थांबा’’ म्हणतो आणि समोरचा खरोखर थांबतो, तेव्हा कोठडीत न मिळालेली एक गोष्ट त्याला परत मिळालेली असते.

भाषेचा प्रश्नही येतो. पारधी समाजातील एखादी बाई घरात वाघरी बोलते; तिला प्रमाण मराठीत दुःख सांगायला लावणे कठीण आणि दुभाषा म्हणून तिच्याच वस्तीतला माणूस बोलावणे धोक्याचे, कारण गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर होऊ शकते. बाईला बाई समुपदेशक हवी असते हे सर्वांना पटते. लैंगिक छळ पुरुषांवरही होतो, ते त्याबद्दल वर्षानुवर्षे अवाक्षर काढत नाहीत आणि त्यांनाही पर्याय द्यावा लागतो, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाणे आणि शोक करणे, मग माणसांत परतणे. आपल्याकडे पहिलाच टप्पा सर्वांत अवघड असतो, असे माझे मत आहे. कोपनहेगनमध्ये इंगे गेनेफके यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये छळपीडितांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले, तेव्हा तिथे येणाऱ्या अनेकांनी आपला छळ झालेला देश मागे सोडलेला होता. आपला फाउंड्रीतला माणूस मात्र रोज त्याच चौकातून कामाला जातो, जिथे त्याला मारणारा माणूस चहा पीत उभा असतो. त्याची भीती ही नुसती जुनी आठवण नाही, तिला आजचा आधार आहे. अशा वेळी केवळ श्वासाचे व्यायाम शिकवणे अपुरे ठरते आणि समुपदेशकाला वकिलाचा, कामगार संघटनेचा, रेशनकार्डाचाही विचार करावा लागतो.

कायद्याची माहिती इथे औषधासारखी काम करते. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे कळल्यावर सहीच्या ओझ्याने वाकलेला माणूस थोडा ताठ होतो. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तिच्या अहवालाची प्रत त्याला मिळावी, असा कायदा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले, त्यांत नातेवाइकाला कळवणे आणि कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करणे यांचा समावेश आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने रिट याचिकेसाठी मुंबई गाठण्याची गरज राहिलेली नाही. तक्रार करायची की नाही हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचाच असतो. न्यायासाठी लढ असा आग्रह धरणारे कार्यकर्ते आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणारे नातेवाईक, दोघेही कळकळीनेच बोलत असतात, पण दोघेही त्याच्या वतीने ठरवत असतात.

आठवणींवर काम सुरू होते ते पायाखालची जमीन थोडी घट्ट झाल्यावर. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायला लावण्याची पद्धत पूर्वी लोकप्रिय होती. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना अपायही होऊ शकतो, असे अभ्यासांतून दिसल्याने आता तिची शिफारस केली जात नाही. सध्या वापरात असलेल्या पद्धतींपैकी कथनाधारित उपचार ही पद्धत मला आपल्या माणसांना जवळची वाटते. जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठातील संशोधकांनी ती विकसित केली. जमिनीवर एक दोरी पसरतात. तिचे एक टोक म्हणजे जन्म, आणि दुसऱ्या टोकाची न उलगडलेली वेटोळी म्हणजे अजून जगायचे आयुष्य. चांगल्या घटनांसाठी दोरीवर फूल ठेवायचे, भयंकर घटनांसाठी दगड. आपल्या माणसाच्या दोरीवर कदाचित पहिली कुस्ती जिंकल्याचे फूल असेल, मुलीच्या बारशाचे फूल असेल, वडील गेले तो दगड असेल आणि मग ते चार दिवस. पुढच्या बैठकांत तो आपली कथा क्रमाने सांगतो. दगडापाशी आल्यावर सावकाश, त्या वेळी काय दिसले, काय ऐकू आले, अंगात काय झाले आणि हे सांगताना आत्ता काय होत आहे, असे दोन्ही काळ शेजारी ठेवत. तलाठ्याच्या दप्तरात राहून गेलेली नोंद अशी उशिरा का होईना, तारखेसह चढते. समुपदेशक ते लिहून काढतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो.

सोसलेले स्वतःच्या शब्दांत साक्षीसारखे नोंदवणे, म्हणजे साक्ष-उपचार, ही पद्धतही अशीच कथनातून उगम पावली. चिलीमध्ये लष्करी राजवटीच्या काळात तिथल्या मानसतज्ज्ञांनी छळ सोसलेल्या माणसांची निवेदने ध्वनिमुद्रित करून, त्यांच्याबरोबर बसून ती लिहून काढायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये त्याविषयी लिहिले. आपल्या देशात वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कमधील, वर उल्लेखलेल्या कोपनहेगनच्या केंद्राच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास ही पद्धत पोलिसी छळाच्या पीडितांसाठी वापरली. त्यात निवेदन पूर्ण झाल्यावर, पीडिताची इच्छा असेल तर, त्याच्याच लोकांसमोर ते वाचून त्याचा सन्मान केला जातो. कोऱ्या कागदावर जबरदस्तीने घेतलेली सही आणि स्वतःच्या शब्दांखाली, वाचून, दुरुस्त करून, समजून केलेली सही, या दोन सह्यांमधले अंतर हाच या पद्धतीचा गाभा आहे. गल्लीत ज्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्याची बाजू गल्ली एकदा नीट ऐकते, हेही त्यात घडते. अर्थात, वैरी त्याच गावात असतील तर असे जाहीर वाचन करू नये.

शरीराला विसरून चालत नाही. तळपायांवर मार बसल्याने तिथल्या मऊ गादीचे आणि नसांचे नुकसान होते. चालताना वर्षानुवर्षे जळजळ होते आणि साध्या क्ष-किरण चित्रात ते दिसत नाही. हात मागे बांधून टांगले असेल तर खांद्याच्या नसा दुखावतात. ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे त्याला सांगणे चुकीचे आहे. फिजिओथेरपी आणि समुपदेशन एकत्र चालले तर दोन्हींचा गुण येतो. छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद कशी करावी याची इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९९ पासून आहे आणि २०२२ मध्ये ती सुधारली गेली; प्रत्येक सरकारी डॉक्टरच्या हाती ती असावी असे मला मनापासून वाटते. औषधांपैकी सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची काही औषधे उपयोगी पडतात, तीही मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. झोपेसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायझेपामसारख्या गोळ्यांनी सवय जडते आणि मूळ त्रास तसाच राहतो. दारूचेही तेच.

या सर्व उपचारांचा पुरावा किती भक्कम आहे, असे कोणी विचारले तर उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. छळपीडितांवरील चाचण्यांचा २०१४ मध्ये घेतलेला काटेकोर आढावा अवघ्या नऊ अभ्यासांवर आधारलेला होता आणि त्यात उपचार संपताक्षणी फारसा फरक दिसला नाही. काही महिन्यांनंतर मात्र मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. म्हणजे गुण येतो, पण हळू येतो. घरच्यांनी चौथ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देऊ नये, यासाठी हे आधीच सांगावे.

घरच्यांनाही मदत लागते. मुलीला वाटते, बाबा आपल्यावर चिडले म्हणून बोलत नाहीत. तिला तिच्या वयाला पेलेल इतके खरे सांगावे : ‘‘बाबांना कुणीतरी फार त्रास दिला, त्यात तुझी काही चूक नाही.’’ झोपेत त्यांना हलवून उठवू नये, जरा लांबून नाव घेऊन हाक मारावी. बायकोने सगळे तपशील जाणून घेतलेच पाहिजेत असे नाही, आणि तिला स्वतःला बोलायला वेगळी जागा मिळायला हवी. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले तर त्या माणसाला एकटे न सोडता लगेच तिथे फोन लावावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि गोपनीयतेचाही, त्यामुळे तिथे सांगितलेली गोष्ट सहज कुणाला कळवता येत नाही.

आपला तो फाउंड्रीतला माणूस तिसऱ्या बैठकीला आला, असे समजू. दार अर्धवट उघडे आहे, बाहेर मुलगी आजीजवळ बसून शेंगा सोलत आहे. समुपदेशक विचारते, ‘‘गेल्या वेळी आपण जिथे थांबलो होतो, तिथून पुढे जायचे का?’’ तो बराच वेळ दाराकडे पाहतो आणि म्हणतो, ‘‘आज नको.’’ ती वही मिटते, दोघे उरलेला वेळ साच्याची वाळू कशी मळतात याविषयी बोलतात, आणि तो निघून गेल्यावर ती नोंद करते : आज त्यांनी नकार दिला, आणि तो पाळला गेला.